चक्कीवाल्याच्या लेकीचं पीठ

देवरीहून आत, जंगलाच्या कडेला असलेल्या चिचटोल्यात टेकचंदची पिठाची चक्की होती. चक्की सुरू असली की गावाला तिचा आवाज ऐकू यायचा आणि बंद असली की टेकचंदचा. पट्ट्याच्या फडफडाटावर गळा चढवून बोलायची सवय जडलेला माणूस तो. लाइन गेली, दगड थांबला, तरी त्याचा आवाज काही खाली येत नसे. बायको शामकला म्हणायची, "मी काई डोंगरावर नाई उभी जी, इथंच हाव." तो हसायचा आणि तितक्याच मोठ्यानं "बरं" म्हणायचा. भुवयांवर पीठ, कानांच्या पाळ्यांवर पीठ. आंघोळ करून तो बाजाराला निघाला तर ओळखीची माणसंही दोनदा बघायची.

मुलूख सगळा धानाचा. त्याचे वडील कवडूजी यांनी चक्की टाकली तेव्हा गाव हसलं होतं, की भाताच्या गावात गहू दळणार कोण? पुढं रेशनवर गहू मिळू लागला आणि हसणारेच पिशव्या घेऊन रांगेत उभे राहिले. तरी रोजचं जेवण म्हणजे भातच. पोळी पाहुण्याला, पोळी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला लेक-जावई आले की, आणि पोळी आजाऱ्याला. अंगात ताकद नसेल तर चार दिवस गव्हाचं खावं, हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ते आपोआपच ठाऊक असतं. चक्कीवाल्याच्या घरी मात्र पोळी रोजची. दळणात थोडी घट येते, आणि ती घट कुठं जाते हे गावानं विचारायचं नसतं.

अशा भरल्या घरात टेकचंदची एकुलती एक लेक वाळत चालली होती. चेतना तिचं नाव. सहाव्या वर्षी तिला शाळेत घालायला नेलं तर मास्तर म्हणाले, "ही धाकटी दिसते. मोठीला आणा ना." धाकटी-मोठी कुणी नव्हतीच, ही एवढीच होती. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढं आलेलं, केस विरळ. रोजची पोटात दुखायची तक्रार आणि रोजचे जुलाब. आईच्या मांडीवर पडून राहायची. खेळायला बोलावलं तर "नाई, मी पाहून राहिली ना" म्हणायची आणि दारातून दुसऱ्यांचा खेळ बघायची.

उपाय काय कमी केले? जंताचं औषध झालं. नजर काढून झाली. दरेकसाकडच्या एका जडीबुटीवाल्यानं कसलीशी साल उगाळून पाजली. गोंदियाच्या एका डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, काही सापडलं नाही, तरी त्यानं रक्तवाढीच्या बाटल्या दिल्या. आणि गावाची डॉक्टरी तर फुकटच असते. भात थंड, भातानं पोट सुटते, भात बंद करा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या त्या घरात पोरीचा भात बंद झाला. दुधात कुस्करलेली पोळी, दलिया, रव्याची लापशी सुरू झाली. भेटायला येणारं प्रत्येक माणूस बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं. आजारी लेकराकडं रिकाम्या हातानं कोण जातं?

ती जितकं खायची तितकी वाळायची. टेकचंदचं डोकं चालेना. अख्ख्या पंचक्रोशीला ताकद देणारं पीठ आपल्या घरात उलटं का फिरतं, हे त्याला कळेना. तो आणखी चांगला गहू आणायचा, निवडून घ्यायचा, बारीक दळायचा.

शेवटी शामकलाचा भाऊ ईश्वरदास, जो नागपुरात नोकरीला होता, त्यानं दोघांना पोरीसकट बोलावून घेतलं आणि लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी रक्त तपासलं. मग घशातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. ते नळीचं प्रकरण ऐकून टेकचंद बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. पुढच्या खेपेला बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हिला गहू चालत नाही. तो पोटात गेला की हिचं आतडं आतून खराब होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू, रवा, मैदा, दलिया, बिस्किट, ब्रेड, सातू, सगळं बंद. भात द्या, ज्वारी द्या, डाळ, दूध, भाजी, अंडी द्या."

"आन औषध?" टेकचंदनं विचारलं.

"औषध हेच."

"नाई, मंजे गोळी, बाटली?"

"थोडं लोह आणि व्हिटॅमिन लिहून देते. पण खरं औषध म्हणजे गहू न खाणं."

"किती दिवस?"

"कायम. जन्मभर."

आता एवढ्या लांब यायचं, पोरीच्या घशात नळी घालू द्यायची, आणि शेवटी ऐकायचं काय, तर भात खाऊ घाला! टेकचंदला ही थट्टाच वाटली. परतीच्या बसमध्ये साकोली येईपर्यंत तो बाईंनी लिहून दिलेला कागद उलटसुलट करून बघत होता. मग बायकोला म्हणाला, "तुले काई समजलं का?"

"भात खाऊ घाला मनते."

"ते तं मलेबी समजलं. पन आपन भातच बंद केला होता ना. सगळेच सांगत होते बंद करा मनून. मंग खोटं कोन बोलून राहिलं?"

 शामकला बाई शहाणी. दुसऱ्या दिवसापासून तिनं घरातली पोळीच बंद केली, नवऱ्याची सुद्धा. टेकचंद चक्कीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिला, "गहू जर का वाईट असता तं पंजाबात मानूस उरला असता का?" कुणी म्हणे, शहरातले डॉक्टर असंच काहीबाही सांगतात. कुणी म्हणे, चक्कीवाल्याच्या पोरीला गहू चालत नाही म्हणजे मागच्या जन्मीचं काही असेल. त्यानं त्याचा गोंधळ आणखीनच वाढायचा.

आणि तेवढ्यात पोरगी सुधारायला लागली.

भात-वरण, भात-दूध, भात-भाजी. आधी जुलाब थांबले. मग पोट आत गेलं, गाल दिसायला लागले. एके दिवशी चेतना शेजारच्या यादोरावांच्या पिंकीबरोबर धावत चक्कीवर आली आणि धापा टाकत "बाबूजी, पानी" म्हणाली. आपली पोरगी धावू शकते हे टेकचंदनं त्या दिवशी प्रथम पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पिठाळ हातानं पुसलं आणि चेहऱ्याचा चिखल करून घेतला. पिंकी हसली म्हणून चेतनाही हसली.

दिवाळी झाली, मंडई आली. घरात पाहुणे उतरले. पाहुण्यांना नुसता भात वाढून कसं चालेल? शामकलानं शेजारी प्रेमिलाबाईंच्या, म्हणजे पिंकीच्या आईच्या चुलीवर पोळ्या करून आणल्या. पाहुण्यांच्या पंगतीत चेतना भाताची थाळी घेऊन बसली. तिनं हट्ट केला नाही, एवढंच विचारलं, "बाबूजी, मले कधीच पोळी नाई का?"

टेकचंदच्या काळजाला तो प्रश्न लागला. गावाला पीठ पुरवणारा आपण, आणि लेकीनं दुसऱ्याच्या ताटाकडं बघायचं? तो उठला, घरचे चांगले तांदूळ पाखडून घेतले आणि चक्कीवर गेला. तांदळाच्या पिठाची भाकर होते, चिला होतो. तव्यावर पीठ पसरून केलेला पातळ, जाळीदार चिला पोळीसारखाच गोल दिसतो. पोरीला आणखी काय पाहिजे?

आता त्याच्या बापानं त्याला शिकवलेली एक रीत होती. चक्कीवर दिवसभर काय काय येतं: हरभऱ्याची डाळ, हळद, कधी कुणी गुपचूप मिरचीसुद्धा टाकून देतं. त्याची चव, त्याचा वास दगडाला राहतो. म्हणून बाळंतिणीचं, आजाऱ्याचं किंवा देवाच्या नैवेद्याचं दळण असलं की आधी मूठभर गहू टाकून फिरवायचे. गहू दगड पुसून काढतो. ते पीठ कोंबड्यांना टाकायचं आणि मग खरं दळण घालायचं. चिचटोल्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. लोक नुसतं "घरी आजारी हाय" म्हणायचे आणि टेकचंद मूठ भरायचा. मग स्वतःच्या लेकीच्या दळणाला तो ती विसरेल का? उलट तिच्यासाठी त्यानं वेगळ्या डब्यात निवडून ठेवलेल्या लोकवन गव्हाची मूठ घेतली, डोळ्यांत तेल घालून दगड पुसला, आणि मग तिचे तांदूळ टाकले.

चेतनानं तीन चिले खाल्ले. "पोळीच हाय," म्हणाली. त्या आनंदात टेकचंद सगळ्या पाहुण्यांना पुन्हापुन्हा सांगत फिरला.

मग रोजच चिला सुरू झाला, कधी भाकर. आणि काही आठवड्यांत पोट पुन्हा दुखायला लागलं. पुन्हा जुलाब. पुन्हा ती दारात बसून पिंकीचा खेळ बघायला लागली.

टेकचंदला काहीच उमगेना. घरात गव्हाचा दाणा नाही. शाळेत खिचडी मिळते, ती तांदळाची, हे तो स्वतः जाऊन बघून आला. शामकलानं हिंगाची डबीसुद्धा फेकली, कारण ईश्वरदासनं फोनवर सांगितलं होतं की हिंगात पीठ मिसळलेलं असतं. मग हे येतं कुठून? त्यानं दगड आणखी साफ करायला घेतला. एका मुठीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. कोंबड्या माजल्या आणि पोरगी वाळली.

हातात काही लागत नसलं की माणूस जवळच्यावर संशय घेतो. टेकचंदनं आधी बायकोवर घेतला. तिनं असं काही सुनावलं की तो दोन दिवस चक्कीवरच जेवला. मग संशय पोरीवर आला. लेकरूच ते, कुठंतरी खात असेल. त्यानं चेतनाला समोर उभं केलं.

"खरं सांग. बिस्किट खाल्लं का?"

"नाई बाबूजी."

"पोळी खाल्ली? कोनं देल्लन?"

"नाई खाल्ली जी."

"मंग पोट काऊन दुखते?"

याचं उत्तर नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना द्यावं लागलं असतं, तिथं सात वर्षांच्या पोरीनं काय सांगावं? ती गप्प राहिली. टेकचंदला तो गप्पपणा कबुलीसारखा वाटला आणि त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला. त्याआधी त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. शामकला मधे पडली, तिनं पोरीला उचलून आत नेलं. टेकचंद बाहेर जाऊन ओट्यावर बसला आणि स्वतःच्याच हाताकडं बघत राहिला. पण एकदा उचललेला हात पुढच्या वेळी सहज उचलला जातो. पोट दुखलं की चौकशी, चौकशीला "नाई", आणि "नाई" ला धपाटा, असं होऊन बसलं.

मग एका सकाळी चौकशी सुरू होताच चेतना म्हणाली, "हो बाबूजी. खाल्ली."

"काय खाल्लं?"

"बिस्किट."

"कोनं देल्लन?"

तिनं शेजारच्या दाराकडं पाहिलं. "पिंकीच्या माईनं."

खरं सांगायचं तर टेकचंदला हायसं वाटलं. निदान कारण तरी सापडलं! त्यानं पोरीला मारलं नाही, जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि तसाच तावातावानं यादोरावांच्या दारात गेला. प्रेमिलाबाई अंगण सारवत होत्या. त्यानं आपल्या चक्कीवाल्या आवाजात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, की तुम्हाला माझ्या लेकराचा जीव घ्यायचा आहे का.

प्रेमिलाबाई शेणाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. "भाऊजी, कायले खोटं बोलता? तिच्यासाठी तं मी आमच्या पिंकीलेबी बाहेर बिस्किट खाऊ देत नाई."

"माही पोरगी खोटं बोलते का मंग?"

त्यावर यादोराव बाहेर आले, शब्दाला शब्द वाढला. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. पिंकीचं येणंही बंद झालं.

पोट मात्र थांबलं नाही. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा चेतनानं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईंचं नाव घेतलं. टेकचंद तिथंही भांडून आला. त्याच्या पुढच्या वेळी तिनं कुणा पाहुणीचं नाव घेतलं, जी तेव्हा गावात नव्हतीच. तेव्हा तरी त्याला कळायला हवं होतं. पण गोंधळलेल्या माणसाला नाव मिळालं की पुरतं. अख्खं गाव आपल्या पोरीच्या मुळावर उठलंय, अशी त्याची खात्रीच होत चालली. शामकला म्हणाली, "आता गावासंगं भांडू नका. नागपूरले चला."

डॉक्टरीणबाईंनी चेतनाचं वजन केलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. त्यांना बरं वाटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं. "मधे तर छान सुधारली होती. गहू जातोय कुठून तरी."

"लोक खाऊ घालतेत मॅडम," टेकचंद म्हणाला. "पोरीनंच कबूल केलं."

बाईंनी त्याच्याकडं लक्ष न देता चेतनालाच विचारलं, "तू काय काय खातेस गं?"

"भात. वरन. चिला."

"चिला कशाचा?"

"तांदळाचा. बाबूजी दळून देतेत."

"कुठल्या चक्कीवर?"

"आमच्याच!" टेकचंद मधेच बोलला. या एका गोष्टीत तरी आपलं काही चुकलेलं नाही, याचा त्याला अभिमान होता. "मॅडम, चक्की घरचीच हाय. हिचं दळन मी कोनाले हात लावू देत नाई. आन तसंबी नाई टाकत. पयले गव्हाची मूठ फिरवून दगड सप्पा पुसून घेतो. आता तं तीन मुठी टाकतो. मंगच हिचे तांदूळ."

बाई हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघायला लागल्या. शामकलाही बघायला लागली. तिला ती रीत लहानपणापासून माहीत होती, इतकी माहीत होती की तिच्या मनातच आली नव्हती.

"गव्हानं पुसता?" बाईंनी हळू विचारलं.

"हो ना जी. गव्हानंच साफ होते दगड. पन ते पीठ तिले नाई देत! कोंबड्यायले टाकतो."

"सगळं नाही निघत हो ते. दगडाला चिकटलेलं तिच्या तांदळात उतरतं. हिला बोटाच्या टोकावर मावेल एवढं पीठसुद्धा रोज गेलं तर पुरतं."

टेकचंद खुर्चीच्या कडेला सरकला.  "मंजे मी दगड घान करून राहिलो होतो?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या चक्कीवर काहीही करून हिचं पीठ निघणार नाही. कधीही गहू न पाहिलेलं नवं जातं आणा, त्यावर घरीच दळा. आणि चक्कीवरून आलात की कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच हिला जवळ घ्या. शामकला मान हलवत होती. टेकचंदच्या कानांत मात्र निम्मंच शिरत होतं. बापानं शिकवलेली रीत चुकीची होती का? पण ती तर बाकी सगळ्यांसाठी बरोबर होती. आजवर किती आजाऱ्यांना त्यानं तसं पीठ दिलं, आणि ती माणसं बरी झाली. बरोबर असलेली गोष्ट एका पोरीसाठीच विष कशी होते? आणि मग त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली, आणि ती पहिलीहून वाईट होती.

परतीच्या बसमध्ये चेतना खिडकीशी बसली होती. भंडारा मागं पडलं. शामकला पलीकडच्या बाकावर डुलक्या घेत होती. टेकचंदनं आवाज जमेल तितका खाली आणला. त्याला ते जमतं हे त्यालाही नवीनच होतं.

"चेतना, पिंकीच्या माईनं तुले बिस्किट देल्लं होतं का?"

ती दचकली. लगेच म्हणाली, "हो."

"मी मारत नाई. खरं सांग."

तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. "नाई देल्लं."

"आन नंदाबाईनं?"

"नाई."

"मंग हो काऊन मनलीस?"

चेतना खिडकीच्या गजाचा रंग नखानं खरवडायला लागली. "तुमी रोज इचारत होते. नाई मनलं का मारत होते. हो मनलं तं नाई मारलं." तिनं आणखी सांगितलं, "मंग मले वाटलं, मीच खाल्ली असन. मले आठवत नसन. मी आठवून पाह्यची बाबूजी, पन आठवतच नोहोतं."

 इतके महिने आपल्या एकट्यालाच काही कळत नाही, असं टेकचंद समजत होता. ही एवढीशी पोरगी पोट धरून, न खाल्लेली बिस्किटं आठवत बसली होती, आणि तसं बसायला तिला त्यानंच लावलं होतं. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण बाईंचं बोलणं आठवलं, आणि आपल्या शर्टाच्या शिवणीत कुठं पीठ असेल का, या शंकेनं त्याचा हात अर्ध्यावरच थांबला.

"नाई बेटा," तो म्हणाला. "तू काईच नाई खाल्ली. म्याच खाऊ घातलं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मी झोपेतबी नाई खाल्ली?"

"झोपेतबी नाई."

चेतनानं मान हलवली. मग तिनं डोकं खिडकीला टेकलं आणि साकोली यायच्या आत ती गाढ झोपून गेली.